घरबसल्या कमाईचे आमिष आणि आपली घरे

अमेरिकेत नोकरीसाठी आलेल्या आपल्या बहुतेक घरांत एक व्यक्ती अशी असते, जिच्या शिक्षणाचा हिशेब कुठेच मांडला जात नाही. बहुधा ती बाई असते. हल्ली काही घरांत पुरुषही असतो. नागपूर विद्यापीठातून एम.एस्सी. झालेली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातून बी.एड. झालेली, पुण्यात चार-पाच वर्षे नोकरी केलेली ही व्यक्ती जोडीदाराबरोबर एच-फोर व्हिसावर इथे येते. मग तिचा दिवस डबे, शाळेची बस, डॉक्टरांच्या वेळा आणि किराण्याची यादी यांत सरतो. पदवीचे प्रमाणपत्र बॅगेतून येते आणि बॅगेतच राहते.

अशा व्यक्तीच्या फोनवर एखाद्या दुपारी अनोळखी क्रमांकावरून निरोप येतो. तुमचा बायोडेटा एका नोकरीच्या संकेतस्थळावर पाहिला; दिवसाला तास-दोन तासांचे काम आहे; वेळ तुमच्या सोयीची; अनुभवाची अट नाही; मुले झोपल्यावरही करता येईल. भाषा आर्जवी असते आणि ज्याची तहान आहे तेच पाणी समोर धरलेले असते. या निरोपातून सुरू होणाऱ्या फसवणुकीबद्दल आज लिहायचे आहे. आपल्या मंडळांत ती घडते आहे आणि तिच्याबद्दल फार थोडे बोलले जाते.

कोणी फसले की आपल्याकडे लगेच एक शब्द उच्चारला जातो: लोभ. आम्हाला हे निदान मान्य नाही. ज्या बहिणी आमच्याशी बोलल्या, त्यांच्यापैकी एकीलाही झटपट श्रीमंत व्हायचे नव्हते. कोणाला स्वतःच्या नावाने खात्यात चार पैसे जमा झालेले पाहायचे होते, कोणाला माहेरी पैसे पाठवताना नवऱ्याला विचारावे लागू नये असे वाटत होते, तर कोणाला फक्त आपण अजून उपयोगी आहोत याची खूण हवी होती. ही भूक प्रामाणिक आहे. स्त्रियांच्या प्रगतीवरून समाजाची प्रगती मोजण्याचा बाबासाहेबांचा दंडक आपण दर १४ एप्रिलला व्यासपीठावरून ऐकतो. त्या वेळी सभागृहाच्या मागच्या बाजूला उच्चशिक्षित भगिनी अल्पोपाहाराच्या प्लेट्स मोजत असतात, हेही आपण पाहतो. ठकांनी ही भूक आपल्याआधी ओळखली आहे.

व्हिसाचा मुद्दा आधी स्पष्ट केला पाहिजे, कारण पुढचे बरेचसे त्यावर उभे आहे. एच-फोरवर असलेल्या व्यक्तीला ईएडी, म्हणजे काम करण्याचा परवाना, असल्याशिवाय काम करता येत नाही. २६ मे २०१५ पासून काही एच-फोर जोडीदारांना हा परवाना मिळू लागला. परंतु त्यासाठी एच-वन-बी धारकाचा आय-१४० अर्ज मंजूर झालेला असावा लागतो किंवा त्याला सहा वर्षांपलीकडची मुदतवाढ मिळालेली असावी लागते. म्हणजे नव्याने आलेल्या कुटुंबात पहिली काही वर्षे जोडीदाराचे हात कायद्याने बांधलेले असतात. घरबसल्या केलेले कामही कामच असते. “तुम्ही कर्मचारी नाही, स्वतंत्र कंत्राटदार आहात, त्यामुळे व्हिसाचा प्रश्न येत नाही,” हे वाक्य सर्रास ऐकवले जाते आणि ते खोटे आहे. परवाना नसताना स्वतःचा व्यवसाय चालवणेही नियमात बसत नाही. खरा मालक नोकरीवर घेताना आय-नाईन हा फॉर्म भरून घेतो आणि कामावर रुजू झाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत परवान्याची कागदपत्रे तपासतो. जो परवान्याबद्दल एक शब्दही विचारत नाही, त्याला आपल्या कामाशी देणेघेणे नाही. त्याला आपले काहीतरी दुसरेच हवे आहे.

सध्या सर्वांत जास्त माणसे ज्यात अडकत आहेत, त्याला इथे ‘टास्क स्कॅम’ म्हणतात. फेडरल ट्रेड कमिशनकडे, म्हणजे ग्राहकांच्या हिताचे रक्षण करणाऱ्या इथल्या केंद्रीय आयोगाकडे, २०२० मध्ये या प्रकाराची एकही तक्रार नव्हती. २०२३ मध्ये सुमारे ५,००० तक्रारी आल्या आणि २०२४ च्या पहिल्या सहा महिन्यांतच सुमारे २०,०००. त्या सहा महिन्यांत नोकरीच्या आमिषाने एकंदर गेलेली रक्कम २२ कोटी डॉलरांहून अधिक होती. तक्रार करणारे थोडेच असतात हे ध्यानात घेतले, तर खरा आकडा किती असेल याची कल्पना करावी.

आमच्या ओळखीतल्या एका भगिनीची हकिकत तिच्या संमतीने, ओळख न देता सांगतो. तिला एका संकेतस्थळावर हॉटेलांना तारे देण्याचे काम मिळाले. एका वेळी चाळीस हॉटेले. बटण दाबायचे, तारे द्यायचे, पुढे जायचे. पहिल्या दिवशी पडद्यावर ६२ डॉलर जमा झाले आणि ते तिला खरोखरच मिळाले. तिथेच तिचा विश्वास बसला. तिसऱ्या दिवशी चाळिसांतले एक हॉटेल ‘विशेष’ निघाले. त्याचे कमिशन मोठे, परंतु ते पूर्ण करण्यासाठी खात्यात १८० डॉलरांची तूट दिसू लागली. तूट भरल्याशिवाय पुढचे काम उघडत नव्हते आणि आधीचे पैसेही काढता येत नव्हते. तिने ते क्रिप्टोच्या मार्गाने भरले. पडद्यावरची रक्कम वाढली. पुढे ६५० डॉलरांची तूट आली, त्यानंतर १,९०० ची. टेलिग्रामवरच्या गटात तिच्यासारखीच वीस-पंचवीस माणसे होती. ती आपापल्या कमाईची छायाचित्रे टाकत, तिला धीर देत. तो गट संपूर्ण बनावट होता. शेवटी पडद्यावर साडेचार हजार डॉलर दिसत असताना ते काढण्यासाठी १,२०० डॉलर ‘कर’ मागितला गेला, तेव्हा ती थांबली.

गेले ते २,७३० डॉलर, म्हणजे दोन लाख रुपयांहून अधिक. धाकट्या दिराच्या वसतिगृहाच्या आणि शिक्षणाच्या शुल्कासाठी ते बाजूला काढलेले होते.

व्यवसायाने संगणकाचे काम करणारे आम्ही, त्यामुळे ते संकेतस्थळ मुद्दाम बारकाईने पाहिले. त्यात तांत्रिक करामत जवळजवळ काहीच नव्हती. पडद्यावरचा आकडा हा फक्त आकडा. त्याच्यामागे बँक नाही, खाते नाही, हॉटेलही नाही. जो हे चालवतो तो तिथे हवा तो आकडा लिहू शकतो. करामत आहे ती क्रमाची: आधी थोडे खरे पैसे द्यायचे, मग ते गमावण्याची भीती घालायची, मग प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा मोठी रक्कम मागायची. माणूस नव्या कमाईसाठी पैसे भरत नाही, आधी अडकलेले सोडवण्यासाठी भरतो. म्हणून सुशिक्षित माणूस यातून सुटतो हा समज चुकीचा आहे. हिशेब करू शकणारा माणूस तर “एवढी एक तूट भरली की झाले” हा हिशेब अधिक नेटाने करतो.

मज्झिम निकायातील महाचत्तारीसक सुत्तात मिथ्या आजीविकेची जी लक्षणे दिली आहेत, त्यांत कपट, गोडबोलेपणा आणि सूचक मागणी यांच्या जोडीला लाभ दाखवून आणखी लाभ मिळवू पाहणे हेही एक आहे. आपण सम्यक आजीविका म्हटले की शस्त्र, विष, मद्य यांचा व्यापार करू नये एवढेच सांगून पुढे जातो. हे लक्षण मात्र क्वचितच कोणी उलगडून सांगते. ६२ डॉलर देऊन २,७३० ओढणे हे त्याचे आजचे रूप म्हणता येईल.

दुसरा प्रकार पैशाने लहान, परंतु परिणामाने अधिक घातक आहे. ‘घरून पार्सल तपासणी’ किंवा ‘शिपिंग सहायक’ असे पद दिले जाते. घरी खोकी येतात; त्यांत फोन, घड्याळे, महागडे बूट असतात. ती उघडून पाहायची, छायाचित्र काढायचे, नवे लेबल लावून पुढच्या पत्त्यावर पाठवायची. महिनाअखेरीस पगार मिळेल असे सांगितलेले असते. महिनाअखेर येते, पगार येत नाही आणि समोरचा क्रमांक बंद होतो. तो माल चोरलेल्या क्रेडिट कार्डांवर विकत घेतलेला असतो, आणि चोरीच्या मालाच्या प्रवासात एक पत्ता नक्की सापडतो: आपल्या घराचा. पोस्टाची स्वतंत्र तपास यंत्रणा इथे आहे आणि ती अशा पत्त्यांवर येते. भरीला, नोकरीच्या अर्जात लिहून दिलेला सोशल सिक्युरिटी क्रमांक, पासपोर्टची प्रत आणि बँकेचा तपशील भलत्यांच्याच हाती गेलेला असतो.

याचेच भावंड म्हणजे आपल्या खात्यात पैसे घेऊन ते पुढे पाठवणे. नाव ‘पेमेंट प्रोसेसर’, ‘खातेवही सहायक’, काहीही असते. हजार डॉलर येतील, पन्नास ठेवून घ्या, उरलेले झेलने किंवा क्रिप्टोने पाठवा. ते हजार डॉलर फसलेल्या दुसऱ्या कोणाचे तरी असतात. कदाचित तारे देत बसलेल्या एखाद्या आईचेच. बँकेच्या दृष्टीने हा चोरीचा पैसा फिरवणारा माणूस ठरतो. खाते बंद होते आणि प्रकरण तपासावर जाऊ शकते. “मला ठाऊक नव्हते” हे उत्तर प्रत्येक वेळी पुरेसे पडत नाही. अमेरिकी नागरिकाला यात वकील करावा लागतो. आपल्याला वकिलाबरोबरच व्हिसाच्या पुढच्या मुलाखतीचीही चिंता करावी लागते. आणि हे सारे त्या ५० डॉलरांसाठी, जे अनेकदा मिळतही नाहीत. अदिन्नादाना वेरमणी आपण दर रविवारी म्हणतो. न दिलेले आपल्या खात्यातून जाऊ न देणे हाही त्याचाच भाग आहे.

बनावट चेकचा प्रकार जुना आहे, तरी अजून चालतो. ‘नोकरी’ लागल्यावर घरच्या कार्यालयासाठी लॅपटॉप घ्यायला दोन-तीन हजारांचा चेक येतो. तो जमा करायचा आणि त्यांनी सांगितलेल्या दुकानदाराला लगेच पैसे पाठवायचे. एक-दोन दिवसांत रक्कम खात्यात दिसते, कारण बँकेला कायद्यानेच ती लवकर उपलब्ध करून द्यावी लागते. खात्यात दिसणे आणि चेक वटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चेक खोटा असल्याचे कळायला काही आठवडे लागू शकतात, आणि तेव्हा बँक पूर्ण रक्कम आपल्याकडून वसूल करते. पाकिटे भरण्याचे काम, पैसे भरून मिळणारे डेटा एंट्रीचे ‘कंत्राट’, वैद्यकीय बिलांचे शिक्षण देऊन रुग्णालयांची यादी पुरवणारे अभ्यासक्रम यांवर अधिक लिहायची गरज नाही. त्यांत काम मिळवण्यासाठी आधी पैसे मोजावे लागतात, एवढे पुरे.

आता ज्या प्रकाराबद्दल लिहिताना आपल्यातले काही जण नाराज होतील, तो घेतो. इंडियन ग्रोसरीच्या दुकानात, बागेत, मुलांच्या वाढदिवसाला कोणीतरी हसून बोलते. मुले किती, कुठले, काय करता. दोन भेटींनंतर ‘आमचे मेंटॉर’ येतात. कंपनीचे नाव विचारले तर ते सांगत नाहीत, ‘संधी’ हा शब्द मात्र वीस वेळा ऐकू येतो. हा साखळी पद्धतीचा व्यापार आहे: माल विकत घ्या, आणखी माणसे जोडा, त्यांनी जोडलेल्या माणसांवर कमिशन मिळवा. सगळ्याच साखळी कंपन्या बेकायदेशीर नाहीत, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु सप्टेंबर २०२४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनच्या कर्मचाऱ्यांनी अशा ७० कंपन्यांची, त्यांनीच प्रसिद्ध केलेली उत्पन्नाची पत्रके तपासली, तेव्हा बहुसंख्य सहभागींना वर्षाला १,००० डॉलर किंवा त्याहूनही कमी मिळत असल्याचे आढळले, तेही खर्च वजा न करता. किमान १७ कंपन्यांत तर बहुसंख्यांना एक डॉलरही मिळाला नव्हता. हे आकडे कंपन्यांच्याच कागदांतले आहेत, टीकाकारांचे नव्हेत. आणि एच-फोरवर परवाना नसताना हा ‘व्यवसाय’ करणे हा वेगळा धोका आहेच.

आपल्या मंडळांत हा व्यापार ‘जय भीम’ने सुरू होतो, हे आम्हाला अधिक सलते. परदेशात आपले जग फार लहान असते. कार्यालयात अनेकांनी आपली पार्श्वभूमी सांगितलेली नसते. इतर मराठी मंडळांत आडनाव सांगितल्यावर पुढचा प्रश्न काय येईल याची धास्ती असते. म्हणून जिथे मोकळेपणाने बोलता येते अशी तीस-चाळीस घरे हाच आपला गाव होतो. त्या गावात कोणी “ताई, तुमच्यासाठी एक सांगायचे होते” म्हटले, की नाही म्हणणे जड जाते. फसवणुकीच्या अभ्यासकांना हे चांगले ठाऊक आहे. धर्म, भाषा, वंश यांच्या नात्याने एकवटलेल्या समूहांत शिरणाऱ्या फसवणुकीला इथे स्वतंत्र नावच आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमाला दोन कुटुंबे एकमेकांची नजर चुकवत बसली आणि पुढच्या वर्षी त्यांतले एक आलेच नाही, असे आम्ही पाहिले आहे. गेलेले पैसे नंतर मिळवता आले. तुटलेले येणे-जाणे अद्याप जुळलेले नाही. मंडळाच्या गटावरील क्रमांकांची यादी विक्रीसाठी वापरणाऱ्याला गटातून तत्काळ काढावे, मग तो कितीही जुना कार्यकर्ता असो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी जे सांगितले ते आपल्या घरांत पाठ असते. ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून मानू नका, हे आपण इतरांच्या अंधश्रद्धांबद्दल आवर्जून सांगतो. त्या दहा कारणांत सांगणारा आपला गुरू आहे म्हणून मानू नका, हेही आहे. ‘मेंटॉर’ला ते लागू होते. आपल्याच समाजातला माणूस सांगतो आहे, एवढ्यानेही ते खरे होत नाही.

आपल्या घरांना हा घाव अधिक खोल बसतो, याचे कारण सरळ आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या मागे वडिलोपार्जित शेती नाही, शहरात भाड्याने दिलेले घर नाही, अडीअडचणीला धावून येणारा पैसेवाला काका नाही. शिकून बाहेर पडलेली ही पहिली किंवा दुसरी पिढी आहे आणि इथल्या एका पगारावर तिथली दोन-तीन घरे टेकलेली आहेत. तीन हजार डॉलर गेले तर शेजारच्या घरात यंदाची सहल रद्द होते; आपल्याकडे कोणाच्या तरी शिक्षणाचे सत्र चुकते. शिवाय “एवढी शिकून फसलीस?” हा टोमणा आपल्या घरांत अधिक बोचतो, कारण शिक्षण हीच आपली एकमेव मिळकत आहे आणि तिच्यावरच बोट ठेवले जाते. मग ती बाई गप्प बसते.

ती ज्या भीतीने गप्प बसते तिचा आणखी एक भाग व्हिसाचा आहे. वर सांगितलेल्या भगिनीने पाच महिने नवऱ्यालाही काही सांगितले नव्हते. आपण परवान्याविना काम करत होतो असे उघड झाले तर साऱ्या कुटुंबाला परत जावे लागेल, असे तिला वाटत होते; आणि त्या टेलिग्रामवरच्या ‘प्रशिक्षिके’ने शेवटी तिला याच गोष्टीची धमकी दिली होती. अशी धमकी देणारे स्वतः कोणत्याही सरकारी दारात उभे राहू शकत नाहीत. फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार करताना व्हिसाची माहिती द्यावी लागत नाही. आपले नाव न देताही तक्रार नोंदवता येते. मनात शंका असेल तर आधी व्हिसाच्या वकिलाशी एकदा बोलावे. नवऱ्याच्या कंपनीचा वकील कंपनीचा असतो. हा सल्ला स्वतंत्र वकिलाकडून घेणे शहाणपणाचे.

फसवणूक झाली असे लक्षात आले तर पहिला फोन बँकेला, त्याच तासाला. कार्डाने दिलेले पैसे परत मिळण्याची शक्यता बरी असते; वायरने पाठवलेले वेळेत अडवता आले तर येतात; झेल आणि क्रिप्टोने आपणच पाठवलेले सहसा येत नाहीत. सोशल सिक्युरिटी क्रमांक दिला असेल तर इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही संस्थांकडे आपले क्रेडिट गोठवून ठेवावे. सप्टेंबर २०१८ पासून ही सोय साऱ्या देशात विनामूल्य आहे आणि फसवणूक झालेली नसली तरी करून ठेवायला हरकत नाही. तक्रारीसाठी रिपोर्टफ्रॉड डॉट एफटीसी डॉट गव्ह, तर एफबीआयसाठी आयसीथ्री डॉट गव्ह. पडद्यांची छायाचित्रे, क्रमांक, क्रिप्टोचे पत्ते जपून ठेवावेत. राग आला म्हणून गट पुसून टाकू नये. थोड्या दिवसांनी कोणीतरी “तुमचे पैसे परत मिळवून देतो, आधी थोडे शुल्क भरा” म्हणत येईल. तो त्याच टोळीचा किंवा तिच्याकडून यादी विकत घेतलेला माणूस असतो.

गावाकडच्या नातलगांनाही हे कळवावे. यूट्यूबवरील चित्रफितींना ‘लाइक’ करण्याचे काम म्हणून हाच खेळ महाराष्ट्रात जोरात चालला आहे, आणि परदेशातून पैसे येणारे घर ठकांना अधिक आवडते. भारतात अशा वेळी १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा; पैसे पुढच्या खात्यांत पसरण्याआधी कळवले तर ते मध्येच गोठवता येतात.

खरे काम ओळखायचे कसे, असे आम्हाला वारंवार विचारले जाते. खरी नोकरी कधीही व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अनोळखी निरोपाने सुरू होऊन तिथेच संपत नाही. खरा मालक काम देण्यासाठी पैसे मागत नाही. अनामत, प्रशिक्षण, साहित्य, तूट, कर, कोणत्याही नावाने नाही. कंपनीचे नाव मिळाले तर निरोपातला दुवा दाबू नये. स्वतः शोधून त्या कंपनीच्या मुख्य क्रमांकावर फोन करावा, कारण खऱ्या कंपनीचे नाव चोरणे ही यातली नेहमीची युक्ती आहे. आणि कोणी पैसे घेऊन ‘घरगुती व्यवसाय’ विकत असेल, तर मार्च २०१२ पासून लागू असलेल्या नियमाप्रमाणे त्याने करार किंवा पैशांच्या किमान सात दिवस आधी माहितीचे पत्रक दिले पाहिजे आणि कमाईचा दावा केला तर त्याचा लेखी आधारही. विक्री ज्या भाषेत केली त्याच भाषेत ते पत्रक असावे लागते. म्हणजे मराठीतून गळ घालणाऱ्याकडे मराठीतले पत्रक मागण्याचा आपल्याला हक्क आहे. मागून पाहावे, संभाषण तिथेच संपते. साखळी कंपन्यांना मात्र हा नियम सहसा लागू होत नाही, ही त्यातली उणीव.

ईएडी येईपर्यंतची वर्षे कशी घालवायची हा प्रश्न याने सुटत नाही, हे आम्ही जाणतो. एच-फोरवर शिकता येते. कम्युनिटी कॉलेजात एखादा विषय घेता येतो. खऱ्या अर्थाने विनावेतन असलेले सेवाकार्य करता येते. अनेक सार्वजनिक ग्रंथालये आपल्या सदस्यांना सशुल्क अभ्यासक्रम विनामूल्य उपलब्ध करून देतात. ग्रंथालयाचे कार्ड काढायला व्हिसाचा प्रकार लागत नाही. यातून पगार येत नाही, पण परवाना हाती पडतो त्या दिवशी बायोडेटात सहा वर्षांची पोकळी राहत नाही. नवऱ्यांनीही एक गोष्ट करावी. घरात एकाचाच पगार येतो म्हणून दुसऱ्याने विचारून खर्च करायचा, ही रीत बदलावी. दरमहा ठरावीक रक्कम दोघांच्या नावे, हिशेब न मागता, वेगळी काढलेली असेल, तर ६२ डॉलरांचे आकर्षण बरेच कमी होते.

आमच्या मंडळात यंदापासून एक लहानशी व्यवस्था केली आहे. चार जणांचे, त्यात तीन भगिनी, एक पथक आहे. नोकरीचा किंवा व्यवसायाचा कोणताही निरोप त्यांना मराठीतून पुढे पाठवायचा. पाठवणाऱ्याचे नाव गटात कळत नाही आणि नवऱ्यालाही कळवले जात नाही. ते कंपनीची नोंदणी आणि संकेतस्थळ किती दिवसांपूर्वी सुरू झाले ते पाहतात आणि त्या कंपनीला स्वतः फोन करतात. सहा महिन्यांत ३१ निरोप आले. दोन खरे निघाले, त्यांतल्या एका ठिकाणी ईएडी असलेल्या एका भगिनीला शाळेच्या कार्यालयात अर्धवेळ काम मिळाले. उरलेले २९ पथकाने पाठवणाऱ्यांना कारणांसह कळवले आणि त्यांचे नमुने, नावे काढून, मंडळाच्या पुढच्या बैठकीत पडद्यावर दाखवण्यासाठी ठेवले आहेत.